ॲव्हरेज कुणाचं?

हैदराबादहून नागपूरकडे निघालेला ट्रक आदिलाबाद मागे टाकतो आणि थोड्याच वेळात भोरज फाट्यावर येतो. सरळ गेलं तर राष्ट्रीय महामार्ग ४४ पैनगंगेच्या पुलाकडे जातो आणि नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. उजवीकडे वळलं तर रस्ता तेलंगणातल्याच जैनथला जातो, तिथून बेला, आणि मग पुन्हा महाराष्ट्र: कोरपना, गडचांदूर, सिमेंटचे कारखाने. जैनथची ओळख दोन गोष्टींची, लक्ष्मीनारायणाचं जुनं दगडी देऊळ आणि भोवतालच्या काळ्या रानातला कापूस. इथल्या अनेक घरांत मराठी आणि तेलुगू एकाच ताटात वाढलेल्या असतात. तेलुगूत बोलताना ज्याला ‘बंक’ म्हणायचं, त्यालाच मराठीत बोलताना ‘पंप’ म्हणायचं. पेट्रोल तेच.

आणि गाडी घ्यायची म्हटलं की दोन्ही भाषांत पहिला प्रश्न एकच, ॲव्हरेज किती देते?

इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नुसता ‘सरासरी’. मराठी माणसाने तो उचलला आणि त्याला स्वतःचा अर्थ दिला, लिटरला किती किलोमीटर. ‘गाडीचं ॲव्हरेज पडलंय’ म्हटलं की मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडतो, शब्दकोश नाही. गंमत अशी, की केंद्र सरकारच्या ज्या नियमावरून देशातल्या मोटारकंपन्या अलीकडे एकमेकींविरुद्ध पत्रं लिहू लागल्या, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल एफिशियन्सी, म्हणजे ‘कॅफे’. पण हे ॲव्हरेज एका गाडीचं नव्हे, अख्ख्या कंपनीचं. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या कार एका ढिगात घालायच्या, त्यांचा इंधनवापर मोजायचा आणि सरासरी काढायची. ती ठरलेल्या रेषेखाली असली की कंपनी पास. ढिगात एखादी पेट्रोल ढोसणारी राक्षसी गाडी असली तरी चालते, दुसऱ्या बाजूला तिची भरपाई करणाऱ्या गाड्या हव्यात.

हिशेब वरकरणी साधा आहे. सगळं राजकारण त्याच्या तपशिलात आहे.

आधी एक छोटी गोष्ट उलगडून घ्यावी लागते, कारण तिच्यामुळे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. आपण लिटरला किती किलोमीटर ते मोजतो. कायदा उलटा मोजतो, शंभर किलोमीटरला किती लिटर. फरक फक्त भागाकाराचा वाटतो, पण तो तेवढाच नाही. ५० चं ॲव्हरेज देणारी मोटारसायकल सुधारून ६० वर नेली तर शंभर किलोमीटरला २ लिटरऐवजी १.६७ लिटर लागतात. बचत पाव-दीड पाव लिटरची. ४ चं ॲव्हरेज देणारा ट्रक ५ वर आणला तर २५ लिटरचे २० होतात. बचत पाच लिटर. ऐकायला पन्नासाचे साठ भारी वाटतात आणि चाराचे पाच कुणाच्या खिजगणतीत नसतात. टाकीला मात्र ट्रकचा तो एकच किलोमीटर पंधरापट मोलाचा ठरलेला असतो. भोरज फाट्यावरून दिवसरात्र जाणाऱ्या ट्रकांकडे बघताना हा भागाकार लक्षात ठेवावा.

या नियमांचा जन्म अमेरिकेतला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि तोवर लांबलचक, वजनदार मोटारींवर पोसलेल्या देशाला पहिल्यांदा टाकीची काळजी वाटू लागली. तेव्हाची नवी अमेरिकन गाडी सरासरीने लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास धावत होती. डिसेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. १९८५ पर्यंत कारची सरासरी गॅलनला २७.५ मैलांवर, म्हणजे लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या जवळ न्यायची होती. प्रगती झालीही. पण तेल पुन्हा स्वस्त झालं, जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी तक्रार केली आणि १९८६ पासून काही वर्षं ही मर्यादा सैल झाली. त्याहून मोठं भोक आधीपासूनच कायद्यात होतं. ‘हलके ट्रक’ म्हणून नोंदलेल्या गाड्यांना वेगळी, सोपी मर्यादा होती. शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या पिकअपसाठी ठेवलेल्या या फटीतून पुढे एसयूव्ही नावाची पूर्ण वरात आत आली.

१९९० मध्ये नेवाडाचे सिनेटर रिचर्ड ब्रायन यांनी मर्यादा दहा वर्षांत चाळीस टक्के कडक करण्याचं विधेयक आणलं. त्याच्या बाजूने ५७ मतं पडली, विरोधात ४२, तरीही ते मेलं, कारण चर्चा रोखून धरणाऱ्यांना थांबवायला ६० लागतात. त्यानंतरचा इतिहास पाळण्यासारखा पुढेमागे होत राहिला. ओबामांच्या काळात मर्यादा कडक, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत सैल, बायडन यांच्या काळात पुन्हा कडक. जुलै २०२५ च्या कायद्याने तर नियम मोडल्याचा दंडच शून्यावर आणला. डिसेंबर २०२५ मध्ये २०३१ चं उद्दिष्ट गॅलनला ५०.४ वरून ३४.५ मैलांवर उतरवण्याचा प्रस्ताव आला. नियम पुस्तकात आहे, दंड नाही. परीक्षा घ्यायची आणि नापासाला पुढच्या वर्गात बसवायचं, असा हा प्रकार.

अमेरिकेत निदान भांडण उघड्यावर होतं. उमेदवार त्यावर भाषणं करतात, मतं मागतात. भारतात ॲव्हरेजवर कुणी निवडणूक लढवलेली नाही. इथे लढाई दराची होते.

पैनगंगेच्या दोन काठांवर राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. तेलंगणात तो पेट्रोलवर ३५.२ टक्के आणि डिझेलवर २७ टक्के. नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादनशुल्क घटवलं, पण तेलंगणाने आपल्या व्हॅटचा दर खाली आणला नाही. एप्रिल २०२२ मध्ये पंतप्रधानांनी एका बैठकीत व्हॅट न घटवणाऱ्या राज्यांची नावं घेतली, त्यांत महाराष्ट्रही होता आणि तेलंगणाही. दोन्हीकडून तिखट उत्तरं आली. जून २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रात सरकार बदललं आणि जुलैमध्ये नव्या सरकारने पेट्रोल ५ रुपयांनी, डिझेल ३ रुपयांनी उतरवलं. तेव्हा मुंबईत पेट्रोल १०६ रुपयांच्या वर थांबलं आणि हैदराबादेत १०९ च्या वर राहिलं. डिझेलमधली तफावत साडेतीन रुपयांची होती. एका पुलाच्या दोन टोकांना दोन भाव, दोन मुख्यमंत्री आणि दोन प्रकारचे आरोप.

ही परंपरा जुनी आहे. त्याच १९७३ च्या तेलसंकटात, नोव्हेंबर महिन्यात, पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. त्या एका संकटातून अमेरिकेने इंधनवापराचा कायदा काढला, आपण बैलगाडी काढली. हे टोमण्यासारखं वाटेल, पण तेव्हा भारतात मोटारीच मोजक्या होत्या आणि त्या घेण्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. कायदा करायचा तर कुणासाठी, हाही प्रश्न होताच.

तो प्रश्न उदारीकरणानंतर बदलला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, मार्च २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. फ्रिज आणि एसीवर जे तारे दिसतात, ते याच ब्यूरोचे. ब्यूरोला मोटारींनाही रांगेत आणायचं होतं. पण मोटार हा रस्ते वाहतूक मंत्रालयाचा प्रांत. पुढे केंद्रात ऊर्जा खातं सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे आलं, आणि नियम कोणत्या कायद्याखाली काढायचा, ऊर्जा संवर्धन कायद्याखाली की मोटार वाहन कायद्याखाली, यावर दोन मंत्रालयांत बरीच रस्सीखेच झाली. शेवटी वाटणी झाली ती अशी, की आकडे ऊर्जा खात्याने ठरवायचे आणि तपासणी वाहतूक खात्याच्या यंत्रणेने करायची. २०११ मध्ये ब्यूरोने चर्चेसाठी मसुदा काढला. अधिसूचना निघाली ३० जानेवारी २०१४ ला. अंमल सुरू झाला २०१७-१८ पासून. म्हणजे मसुद्यापासून अंमलबजावणीपर्यंत सहा वर्षं, आणि एवढ्या काळात एकही मोर्चा निघाला नाही, ना नियमाच्या बाजूने, ना विरोधात.

पहिल्या टप्प्यात मर्यादा होती शंभर किलोमीटरला ५.४९ लिटर, म्हणजे लिटरला सव्वाअठरा किलोमीटर. २०२२-२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ती ४.७७ लिटरवर आली, लिटरला जवळपास एकवीस. कार्बनच्या भाषेत सांगायचं तर किलोमीटरला १३० ग्रॅमवरून ११३ ग्रॅम. (एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलचं स्वतःचं वजन पाऊण किलो. उरलेलं वजन हवेतल्या प्राणवायूचं. धूर इंधनापेक्षा जड असतो, हे पटायला जरा वेळ लागतो.)

हे आकडे सगळ्यांना सारखे नाहीत. इथेच भांडणाचं बीज आहे. मर्यादा गाड्यांच्या वजनाबरोबर सरकते. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन घ्या, त्याला ०.००२ ने गुणा, त्यात २.४७८३ मिळवा, की दुसऱ्या टप्प्यातली तिची मर्यादा निघते. सरासरी ९०० किलोच्या गाड्या विकणाऱ्या कंपनीला शंभर किलोमीटरला ४.२८ लिटरच्या आत राहावं लागतं. सरासरी १,६०० किलोच्या गाड्या विकणारीला ५.६८ लिटरपर्यंत मुभा. यामागचा विचार असा, की प्रत्येकाने आपापल्या वजनगटात घाम गाळावा. नुसत्या छोट्या गाड्या विकतो म्हणून कुणी फुकट पास होऊ नये. कुस्तीच्या आखाड्यात हा न्याय बरोबर आहे. पण हवेला वजनगट कळत नाहीत.

याला जोड मिळाली ती ‘सुपर क्रेडिट’ची. समजा एका कंपनीने दहा गाड्या विकल्या. नऊ पेट्रोलच्या, प्रत्येकी शंभर किलोमीटरला ६ लिटर खाणाऱ्या, आणि एक विजेवरची, तिचा खप शून्य धरलेला. सरळ सरासरी ५.४. मर्यादा ४.७७ असेल तर कंपनी नापास. पण नियम म्हणतो, विजेवरची एक गाडी तीन मोजा. मग ५४ लिटर भागिले १२ गाड्या, म्हणजे ४.५. कंपनी पास. रस्त्यावर गाड्या दहाच. विजेच्या गाडीला सुरुवातीला हात द्यायला हवा हे मान्य केलं तरी, ज्या गाड्या अस्तित्वातच नाहीत त्यांनी धूर कमी केल्याचा हा हिशेब कुठल्याही पतपेढीच्या लेखापरीक्षकाने पहिल्याच पानावर लाल शाईने अडवला असता.

मोजमाप कुठे होतं? मराठी वाचकाला ते ठिकाण नावाने तरी ठाऊक असतं. जाहिरातीत मायलेजच्या आकड्याशेजारी जे ‘एआरएआय’ लिहिलेलं असतं, ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही; रोलरवर उभी राहून ठरलेल्या लयीत वेग वाढवते, कमी करते, थांबते. ना खड्डा, ना मे महिन्याचं ऊन, ना मागच्या सीटवर चार माणसं आणि डिकीत सरकीचं पोतं. त्यामुळे जाहिरातीतला आकडा आणि टाकीतला आकडा यांची गाठ क्वचितच पडते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअर बसवल्याचं अमेरिकेत उघडकीला आलं, तेव्हा भारतातल्या गाड्यांची तपासणीही एआरएआयनेच केली आणि कंपनीला इथल्या ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्या कंपनीचा एक कारखाना वेताळ टेकडीपासून फार लांब नव्हता, चाकणला.

आता दंडाकडे. पहिली काही वर्षं नियम होता पण त्याला दात नव्हते. ते बसवले २०२२ च्या दुरुस्ती कायद्याने, १ जानेवारी २०२३ पासून. मर्यादेपेक्षा शंभर किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत जास्त खप असेल तर गाडीमागे २५ हजार रुपये, त्याहून जास्त असेल तर गाडीमागे ५० हजार, शिवाय १० लाखांपर्यंतचा दंड वेगळाच. पाव लिटरही नव्हे, कटिंग चहाचे दोन-तीन ग्लास भरतील एवढं पेट्रोल, पण लाखो गाड्यांनी गुणलं की कंपनीचा नफा हलतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बातमी आली, की २०२२-२३ च्या हिशेबात आठ कंपन्या नापास आहेत आणि दंडाची रक्कम ७,३०० कोटींच्या घरात जाते. त्यात सर्वांत वर ह्युंदाई, २,८०० कोटींच्या पुढे. पाठोपाठ मुंबईची महिंद्रा, १,८०० कोटींच्या आसपास. कंपन्यांचा युक्तिवाद असा, की दंडाचा कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला, मग एप्रिल ते डिसेंबर २०२२ मध्ये विकलेल्या गाड्यांना तो कसा लावणार? कायद्याच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड नसला तरी फुसकाही नाही. पण एक गोष्ट नमूद करायला हवी. मर्यादा काय असणार हे सगळ्यांना २०१४-१५ पासून माहीत होतं. अभ्यासक्रम सात वर्षं आधी जाहीर झाला होता. तक्रार फक्त छडी कधी आली याची होती.

खरी ठिणगी पडली ती तिसऱ्या टप्प्यावरून. हा टप्पा एप्रिल २०२७ ते मार्च २०३२ असा आखलेला. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्यूरोने त्याचा सुधारित मसुदा काढला. १,१७० किलो सरासरी वजनाला पहिल्या वर्षी शंभर किलोमीटरला ३.७३ लिटर आणि पाचव्या वर्षी ३.०१ लिटर, म्हणजे कागदावर लिटरला तेहतीस किलोमीटर. नुसत्या पेट्रोल इंजिनाने हे साधणं अवघडच. विजेच्या, हायब्रिड, फ्लेक्स-फ्युएल (इथेनॉलच्या जास्त मिश्रणावरही चालणाऱ्या) गाड्या ढिगात घालाव्या लागणार. आणि त्याच मसुद्यात एक कलम होतं: वजन ९०९ किलोंपेक्षा जास्त नाही, इंजिन १,२०० सीसीच्या आत, लांबी चार मीटरच्या आत, अशा पेट्रोल कारला किलोमीटरमागे ३ ग्रॅम कार्बनची खास सूट, कमाल मर्यादा ९ ग्रॅम.

नऊशे नऊ. हजार नाही, नऊशे नाही. इतका नेमका आकडा दिसला की माणूस आपोआप विचारतो, या उंबरठ्याच्या आत कोण बसतं? उत्तर शोधायला फार कष्ट पडत नव्हते. अल्टो, एस-प्रेसो, सेलेरिओ, वॅगन आर: यादी बहुतांशी एकाच कंपनीची होती, मारुती सुझुकीची. टाटांची टिआगो थोडक्यात उंबरठ्याबाहेर. महिंद्राकडे या गटात गाडीच नाही.

मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांची भूमिका हवेत नव्हती. छोटी गाडी मुळातच कमी इंधन खाते, कमी धूर सोडते, तरी वजनाच्या सूत्रामुळे तिलाच सर्वांत कडक मर्यादा लागते, हे त्यांचं म्हणणं गणिताने खरं आहे, वरचे ४.२८ आणि ५.६८ पुन्हा पाहावेत. दुचाकीवरून चारचाकीवर येणाऱ्या कुटुंबाची पहिली गाडी हीच असते. युरोप, जपान, चीन, कोरिया इथेही छोट्या गाड्यांना काही ना काही सवलत आहे, असं ते मांडत आले.

समोरच्या बाजूला टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, जेएसडब्ल्यू एमजी. टाटा मोटर्सचे शैलेश चंद्र यांनी वजनावर आधारलेल्या सवलतीला जाहीर विरोध केला. वजन घटवण्याला बक्षीस दिलं तर सुरक्षिततेला कात्री लागेल, हा त्यांचा मुद्दा; आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ‘भारत एनकॅप’ या अपघात-चाचणीवरच्या सुरक्षा मानांकनाची घोषणा झाल्यापासून ग्राहक सुरक्षेचे तारे मोजून गाडी घेऊ लागला होता. शिवाय टाटांनी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही बाजारात आणली, महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये चाकणला बनणाऱ्या दोन विजेच्या एसयूव्ही दाखवल्या. ज्यांनी विजेवर पैसे लावले, त्यांना छोट्या पेट्रोल गाडीला मिळणारी सूट म्हणजे आपल्या गुंतवणुकीवरचा घाला वाटला. वाहन उत्पादकांची संघटना एका आवाजात बोलायची पद्धत होती. या ९०९ किलोंनी ती मोडली.

दोन्ही बाजू पर्यावरणाचं नाव घेत होत्या आणि दोन्ही बाजूंची आकडेमोड आपापल्या कारखान्याच्या फाटकापाशी संपत होती. त्यात दोष द्यावा असंही काही नाही. कंपनी कंपनीचंच बघणार. दोष असेल तर नियम बनवणाऱ्याचा, ज्याने एका सूत्राने जड गाडीला सवलत दिली आणि त्याने झालेलं वाकडं सरळ करायला दुसरी सवलत काढली. वजनाची ती रेषाच अधिक आडवी केली असती, म्हणजे जड गाडीला कमी मुभा दिली असती, तर ९०९ ची गरजच पडली नसती. पण २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी ६५ टक्के युटिलिटी गटातल्या, म्हणजे मुख्यतः एसयूव्ही होत्या. नफा तिथे आहे. त्या रेषेला हात लावायला कुणाचीच तयारी नव्हती.

इथेनॉलची कथा तर आणखी मजेदार. नागपूरचे नितीन गडकरी इथेनॉलचे सर्वांत बोलके पुरस्कर्ते. विदर्भ-मराठवाड्यातल्या सभांपासून दिल्लीच्या परिषदांपर्यंत शेतकरी ‘अन्नदाता’ सोबत ‘ऊर्जादाता’ व्हावा, ही त्यांची मांडणी. २०२५ मध्ये देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आणि गाडीवाल्यांनी एकच तक्रार केली: ॲव्हरेज पडलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के आणि दुचाकींसाठी ३-४ टक्के घट धरलेली होती. आणि तिसऱ्या टप्प्याच्या मसुद्यात काय होतं? वीस टक्के इथेनॉलवर चालणाऱ्या पेट्रोल गाडीच्या कार्बनमधून ८ टक्के वजा करायचे, फ्लेक्स-फ्युएल असेल तर २२.३ टक्के. ऊस आणि मका वाढताना कार्बन शोषतात, म्हणून ही वजाबाकी. तिला शास्त्राचा आधार आहे, पण परिणाम बघा: तेच पेट्रोल टाकल्यावर ग्राहकाचं ॲव्हरेज उतरतं आणि कंपनीचं सुधारतं. एकाच शब्दाचे दोन अर्थ इतके उघडपणे एकमेकांवर आदळल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

जैनथच्या रस्त्यावर उभं राहून या सगळ्याकडे पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. कॅफेचा नियम लागू होतो फक्त प्रवासी कारना, साडेतीन टनांच्या आतल्या. या रस्त्यावर धावतं ते काय? मोटारसायकली. सात जणांसाठी बनलेल्या आणि दहा जण बसलेल्या ऑटो. कापूस घेऊन आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे निघालेले ट्रॅक्टर. गडचांदूरचं सिमेंट वाहणारे ट्रक. बस. मधूनमधून एखादी कार.

ट्रॅक्टरच्या धुरासाठी नियम आहेत, डिझेलच्या खपासाठी मर्यादा नाही. शेतकरी ट्रॅक्टरचं ॲव्हरेज किलोमीटरमध्ये विचारतही नाही. तो विचारतो, तासाला किती डिझेल खातो. ट्रकसाठी नियम आला, पण कूर्मगतीने. ऑगस्ट २०१७ मध्ये बारा टनांवरच्या वाहनांसाठी अधिसूचना निघाली आणि प्रत्यक्ष पकड बसली ती जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर, एप्रिल २०२३ पासून. त्याची चाचणी स्थिर वेगाची आहे, ताशी ४० आणि ६० किलोमीटर. महामार्ग ४४ वर स्थिर वेगाने जायला मिळालेला ट्रकचालक भोरज फाट्यावर तरी भेटायचा नाही. आणि चाराचे पाच झाले तर सर्वांत मोठी बचत इथेच आहे, हा मघाचा भागाकार.

राहिल्या दुचाकी. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी निल्सनने केलेल्या पाहणीचा निष्कर्ष २०१४ मध्ये जाहीर झाला. तेव्हा देशातलं ६१ टक्क्यांहून अधिक पेट्रोल दुचाकींच्या टाकीत जात होतं, कारच्या टाकीत ३४ टक्के. म्हणजे पत्रापत्री, दंड, सुपर क्रेडिट आणि ९०९ किलो हे सगळं रणकंदन पेट्रोलच्या लहान वाट्यासाठी चाललं होतं.

याचं एक समर्थन करता येतं. दुचाकीवाल्याला कायद्याची गरज पडली नाही. त्याने स्वतःच कंपन्यांना वाकवलं. १९८५ मध्ये हीरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० आली आणि तिच्या ॲव्हरेजपुढे पुण्यात बनणाऱ्या दोन-स्ट्रोक चेतकचं साम्राज्य हळूहळू ओसरलं. बजाजला स्कूटर सोडून मोटारसायकलकडे वळावं लागलं. जुलै २०२४ मध्ये त्याच बजाजने पुण्यात, गडकरींच्या उपस्थितीत, सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली, तीही इंधनखर्चाच्याच मुद्द्यावर. कार घेणारा सनरूफ विचारतो, मोटारसायकल घेणारा ॲव्हरेज. पण अलीकडे दुचाकींचीही इंजिनं मोठी होत चालली आहेत, आणि बाजाराने शिकवलेला धडा बाजारच विसरवू शकतो. तेलंगणाने नोव्हेंबर २०२४ पासून विजेच्या वाहनांचा रस्ताकर आणि नोंदणी शुल्क पूर्ण माफ केलं, डिसेंबर २०२६ पर्यंत. ती वाट वेगळी. पेट्रोलच्या गाडीने किती प्यावं, हा प्रश्न तिने सुटत नाही.

चीनने आणि तैवानने दुचाकींसाठी इंधनवापराच्या सक्तीच्या मर्यादा कधीच घातल्या आहेत. भारतात २०२४-२५ मध्ये सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि १ कोटी ९६ लाख दुचाकी. ४३ लाखांसाठी तिसऱ्या टप्प्याचा मसुदा निघाला. १ कोटी ९६ लाखांसाठी पहिलाही नाही.